वर्षभर बांधून घेतलेला घाट

पंढरीनाथला घरात बसवणं कलावतीला लग्नापासून कधी जमलं नव्हतं. तो ट्रकवर होता तोवर प्रश्न नव्हता, माणूस घरापेक्षा रस्त्यावरच जास्त असायचा. पण वय झालं, नजरेच्या तपासणीत लायसन्सचं घोडं अडलं, आणि भिवंडीजवळच्या अंजूर गावातल्या लहानशा घरात त्याच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. ओटा, मोरी, पुन्हा ओटा. मध्येच चपला घालून तो दापोड्याच्या गोदामांकडे निघायचा आणि कंटेनर रिव्हर्स घेणाऱ्या ड्रायव्हरांना न विचारता सल्ले देत उभा राहायचा. तिथल्या वॉचमननी त्याला हाकलायचंसुद्धा सोडून दिलं होतं.

"अहो, टेका ना जरा कुठं," कलावती म्हणायची. "तुमच्याकडं बघून मलाच गरगरतंय."

शेवटी त्याला टेकवलं ते पोरानं. नागसेन दापोड्यालाच एका गोदामात कॉम्प्युटरवर मालाची आवकजावक बघायचा, आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून पोट भरत नसल्यासारखा घरी येऊन पुन्हा कॉम्प्युटरवर गेम खेळायचा. एका सुट्टीच्या दिवशी त्यानं बापाला ट्रकचा गेम लावून दिला. टेबलाला स्टिअरिंग बसवलेलं, पायाशी क्लच, ब्रेक, रेस. पंढरीनाथ आधी हसला. मग बसला. मग जेवायला उठेना.

त्या गेममधले रस्ते सगळे परदेशातले होते. लांबलचक पूल, बर्फ, आणि रस्त्यात खड्डा म्हणून नाही. "हितं डायवर झोपून गेला तरी गाडी पोचंल," असं म्हणत तो रोज माल पोचवत होता. तक्रार करायची आणि उठायचं मात्र नाही, हा त्याचा जुना स्वभाव.

रविवारी महादू यायचा. वज्रेश्वरीच्या पलीकडे डोंगरातल्या पाड्यावर महादूचं घर. पंढरीनाथच्या गाडीवर तो क्लीनर म्हणून लागला तेव्हा त्याला मिशा फुटल्या नव्हत्या, आणि उतरला तेव्हा मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. इतकी वर्षं तो पंढरीनाथच्या डाव्या हाताला बसला, तसा आताही स्टूल ओढून डाव्या हातालाच बसायचा. गाडी वळू लागली की टेबलावर थाप मारायचा, पूर्वी दारावर मारायचा तशीच.

"येऊ द्या उस्ताद, येऊ द्या. डावी मोकळी हाय."

नागसेनला हसू आवरायचं नाही. "महादूकाका, गेममध्ये हे लागत नाही. आरसे असतात, बघा ना, दोन्ही बाजूंना."

"आरशाला तोंड हाय का?" महादू विचारायचा.

खरं सांगायचं तर पंढरीनाथला महादू लागत होता. तो नसला की डावीकडचे खांब कुठून येऊन धडकायचे तेच समजायचं नाही. स्क्रीन लहान आहे, असं पंढरीनाथनं ठरवून टाकलं होतं.

मग एके दिवशी नागसेन कामावरून आला तो चपला न काढताच आत शिरला. गेमचा नवा भाग येत होता आणि त्यात भारतातले रस्ते होते. त्यानं मोबाइलवर कंपनीची छोटी फीत लावली. ट्रक उतारावरून येतोय, बाजूला काळ्या पांढऱ्या पट्ट्यांचा कठडा, त्यावर माकडं, वळणावर कणसं भाजणारी बाई. पंढरीनाथनं मोबाइल हातातून काढून घेतला.

"हा कसारा हाय," तो म्हणाला.

कसाराच होता. या माणसानं आयुष्यात त्या घाटातून किती खेपा केल्या त्याचा हिशोब त्यालाही नव्हता. वरती इगतपुरीला घाटनदेवीपाशी गाडी थांबायची, महादू उतरून देवीला हात जोडायचा, आणि पंढरीनाथ तेवढ्यात चाकांना हात लावून ब्रेकचा ताप बघायचा. तो विहारात जाणारा माणूस, देवीशी त्याचं काही नव्हतं. पण महादूचं उरकेपर्यंत त्यानं गाडी कधी पुढे काढली नाही. मग उतार. लायसन्स अडकलं त्याच्या आधीच्या खेपेला तो घाट नेहमीसारखाच उतरला होता, इगतपुरीच्या विडीवाल्यानं ओल्या विड्या दिल्या म्हणून त्याला शिव्या घालत. ही शेवटची खेप आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. एकदा, फक्त एकदा, हे शेवटचं आहे असं माहीत असून तो घाट उतरायचा होता.

नागसेननं गेम आधीच बुक करून टाकला, नेहमीच्या दुकानात. ही दुकानं बाजारातली नव्हेत, कॉम्प्युटरच्या आतली. तिथेच घ्यायचं, तिथेच खेळायचं. सगळं ठरल्यासारखं झालं आणि गेम यायच्या तोंडावर बातमी आली: नवा भाग वर्षभर फक्त दुसऱ्याच एका दुकानात मिळेल. त्या दुकानानं कंपनीला घसघशीत रक्कम आगाऊ देऊन तसा करार केला होता. जुन्या दुकानातली बुकिंगं रद्द, पैसे परत. नेहमीच्या ठिकाणी पाहिजे असेल त्यानं वर्षभर थांबावं.

नागसेन पेटला. जेवता जेवता बोलत राहिला. पंढरीनाथला आधी यात एवढं काय चिडायचं तेच समजेना.

"गाडी अटॅच केली त्यांनी," तो म्हणाला. "वर्षभर एकाच पार्टीचा माल. मी न्हाय का चालवली तशी? मालकाला बांधीव भाडं भेटलं तर तो घेईलच."

"घेऊ दे ना बाबा. पण आधी आपलं बुकिंग घेतलं, आणि माल भरायच्या दिवशी गाडी दुसऱ्याच्या दारात नेऊन लावली. असं तुम्ही केलं असतं?"

पंढरीनाथचा घास हातातच राहिला. "न्हाय. बुकिंग घेतल्यावर न्हाय."

"मग झालं तर."

तेवढ्यावर बापाचं मत पोराच्या बाजूनं पडलं. नागसेननं ग्रुप काढला. नाशिक, पुणे, कोल्हापूर, कुठकुठली पोरं त्यात आली. कुणी त्या दुकानातून घ्यायचं नाही, वर्षभर थांबायचं, म्हणजे पुढच्या वेळी कंपनी असं करताना विचार करील. पंढरीनाथनं याला आपल्या भाषेत संप म्हटलं. चक्काजाम त्यानं पाहिले होते. चाकं थांबली की सगळ्यांची थांबतात, हे त्याला कुणी समजावायची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात तो महादूला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. चष्म्याचा नंबर वाढला असेल, अशी त्याची समजूत. डॉक्टरबाईंनी बराच वेळ यंत्रात बघितलं, भिंतीवर दिवे लावून बटण दाबायला लावलं, आणि मग काचबिंदू म्हणून सांगितलं. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर चालली आहे, डावीकडची जास्त. गेलेली परत येत नाही. थेंब घाला, उरलेली जपू. किती दिवस पुरेल? पंढरीनाथनं विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही, काका. पुढच्या वेळी घरच्या कुणाला तरी घेऊन या."

दुपारी रिक्षा स्टँडवर महादू म्हणाला, "उस्ताद, नागसेनला सांगा. त्या दुसऱ्या दुकानातनं आणंल तो. एक डाव घाट उतरू आपण."

"सांगतो," पंढरीनाथ म्हणाला. आणि खरंच सांगायच्या इराद्यानं घरी आला.

घरात नागसेननं मोबाइल स्टँडवर लावला होता. ग्रुपसाठी व्हिडिओ काढत होता. "बाबा, आलात? बसा, बसा इथं, शर्ट ठीक करा." पंढरीनाथ बसला. नागसेन मोबाइलकडे बघून बोलू लागला. हे माझे बाबा. अख्खी हयात कसारा घाटात ट्रक चालवला. हा गेम माझ्यापेक्षा यांना जास्त पाहिजे. पण तेसुद्धा थांबणार आहेत. बाबा, सांगा ना.

पोराच्या चेहऱ्यावर असा उजेड पंढरीनाथनं बरेच दिवसांत पाहिला नव्हता. गोदामात दिवसभर सगळ्यांची बोलणी ऐकून घेणारा हा मुलगा पहिल्यांदा कशाच्या तरी पुढे उभा होता.

"आम्ही थांबू," पंढरीनाथ म्हणाला. "वर्षाचं काय, जातं वर्ष."

व्हिडिओ गावोगाव फिरला. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. आणि पंढरीनाथच्या बोलण्याला कुलूप लागलं. आता डोळ्यांचं सांगितलं असतं तर नागसेन त्याच दिवशी त्या दुकानातून गेम घेऊन आला असता, याची बापाला खात्री होती. मग ग्रुपमध्ये त्याचं तोंड काय राहिलं असतं? थेंबांची बाटली पंढरीनाथनं दाढीच्या सामानात ठेवून दिली. कलावतीनं विचारलं तर, धूळ जाते डोळ्यांत.

रविवारी विहारात पंचशील म्हणताना "मुसावादा वेरमणी" आलं की त्याचा आवाज खाली यायचा. खोटं बोलणार नाही, असं मोठ्यानं म्हणायला जीभ वळेना. कलावतीच्या ते लक्षात आलं होतं, पण घशाचं काहीतरी असेल म्हणून तिनं हळदीचं दूध सुरू केलं.

गेम आला. दुसऱ्यांच्या घरी आला. त्या दिवसापासून पंढरीनाथला चैन पडेना. ओट्यावर बसला तर उठावंसं वाटे, उठला तर जायचं कुठं ते कळेना. जेवणात लक्ष नाही. हायवेला जाऊन नाशिककडे जाणाऱ्या गाड्या बघत उभा राहायचा आणि ऊन चढलं की परत यायचा. आपल्याला आत घाई लागली आहे आणि ती कुणाला दाखवता येत नाही, याचा त्याला संताप यायचा. तो संताप निघायचा बिचाऱ्या चहावर. चहा रोज पांचट होऊ लागला.

महादूला त्याची तगमग बघवेना. एका दुपारी तो त्याला भिवंडीत घेऊन गेला. बाजारपेठेमागच्या गल्लीत गेमचं एक पार्लर होतं, तिथं हा घाट चालतो अशी खबर महादूनं काढली होती. जिना अरुंद, वर काळ्या काचा, आत थंडगार. पंढरीनाथ दारातच अडला.

"आपला संप हाय, महादू."

"खेळू नका. बघा नुसतं. चक्काजामला आपण दुसऱ्याच्या क्याबिनीत चा पीत व्हतोच ना?"

हे पंढरीनाथला पटलं. पटवून घ्यायलाच तो आला होता. आत यंत्रमागावरची शिफ्ट सुटलेला एक लूमवाला घाट चालवत होता, चाळिशीचा, केसांत अजून सुताचे तंतू. दोघं म्हातारे त्याच्या मागे उभे राहिले. आणि कसारा समोर आला. तो कठडा, ती माकडं, खाली दरीत उतरत गेलेलं रान. पंढरीनाथनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

लूमवाला उतारावर चौथ्या गिअरमध्ये सुटला होता.

"गिअर खाली घे," पंढरीनाथ पुटपुटला. मग जरा मोठ्यानं, "भाई, गिअर नीचे लो. ब्रेक जल जायेगा."

"गेम है चचा," लूमवाला म्हणाला, आणि पुढच्या वळणाला गाडीसकट दरीत गेला.

त्यानं पुन्हा सुरू केलं, पुन्हा गेला. पंढरीनाथच्या पायांची बोटं चपलेत आवळली जात होती. तिसऱ्यांदा गाडी दरीत गेल्यावर लूमवाल्यानं वळून बघितलं. "चचा, आप ही बैठो ना. दिखाओ कैसे उतारते हैं." आणि तो खरंच उठला. खुर्ची रिकामी. महादूनं पंढरीनाथच्या कोपराला हळूच ढोसलं. इथं कोण ओळखतंय, कोणाला कळतंय.

पंढरीनाथचा हात स्टिअरिंगपर्यंत गेला. मग त्यानं तो खिशात घातला.

"नहीं बेटा," तो म्हणाला. "हमारा बंद है."

जिना उतरताना त्यानं महादूच्या खांद्यावर हात ठेवला होता, कारण डावीकडची पायरी त्याला दिसत नव्हती. रिक्षात बसल्यावर महादू म्हणाला, "तुमी येडे हाव, उस्ताद." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायची त्यानं तसदी घेतली नाही.

त्यानंतर जुना गेमही पंढरीनाथनं हळूहळू सोडला. महादू असला तर गाडी जरा रेटायची, नाहीतर प्रत्येक फाटकाला डावी बाजू घासायची. "कंटाळा आला," त्यानं घरात सांगितलं. नागसेननं ते ग्रुपवर टाकलं: बाबांनी निषेध म्हणून जुना गेमही बंद केला. त्यावर आणखी हात जोडलेली चित्रं आली. पंढरीनाथनं ती बघितली, म्हणजे मोबाइल तोंडासमोर धरून मान इकडून तिकडे फिरवत बघितली.

भातकापणीचे दिवस होते, महादू पाड्यावरून हलू शकत नव्हता. त्या रविवारी विहारात कुणा पाहुण्यांचं भाषण होतं. नागसेन आला नाही. गोदामाचं काम घरून करायचंय म्हणाला. वंदना संपली आणि भाषण सुरू झालं तसा पंढरीनाथ चुळबुळायला लागला. कलावतीनं डोळे वटारले. पाय आखडलेत म्हणून सांगून तो उठला आणि भिंतीला हात लावत लावत घरी निघाला.

ओट्यावरच त्याला आवाज आला. लोड गाडीचा, उतारावरचा, गिअरला अडलेल्या इंजिनाचा. हा आवाज तो झोपेतही ओळखला असता. दार नुसतं लोटलेलं होतं.

नागसेन पाठमोरा बसला होता. समोर कसारा. माकडं कठड्यावर, कणसवाली वळणावर. गाडी सराईतपणे चालली होती. पहिल्यांदा घाट उतरणाऱ्याची नव्हती ती चाल. हे पंढरीनाथच्या एका नजरेत लक्षात आलं, त्याच्याकडे जेवढी नजर उरली होती तेवढ्यात. तो तसाच उभा राहिला. अर्धा घाट उतरून झाला.

"तिसऱ्यात न्हाय, दुसऱ्यात घे," तो म्हणाला. "पुढं उतार जास्त हाय."

नागसेनचे हात सुटले. गाडी डोंगराला घासत थांबली. "बाबा... वंदना झाली?"

"झाली. कधी घेतलास?"

नागसेननं खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. "आला त्याच दिवशी," तो म्हणाला. "दुसऱ्या नावानं. नुसता बघणार होतो, बाबा. मग राहवेना. ग्रुपला कळलं असतं तर... आणि तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार? लोक अजून लिहितात मला, तुमच्या बाबांकडे बघून आम्ही थांबलोय. म्हटलं, राहिलंय तरी किती, वर्ष संपेलच. मग तुमच्यासाठी आपल्या दुकानातून घेऊ."

पोरगा शाळेत होता तेव्हापासून पंढरीनाथनं त्याच्यावर हात उचलला नव्हता. आज उचलावा असं त्याला वाटलं, आणि वाटलं याची लाजही वाटली. गेम घेतला म्हणून नव्हे. खायच्या वस्तूवर पोराचा हात जातो तसा गेला, त्यात काय. पण त्या व्हिडिओसाठी बापाला बोलवून खुर्चीत बसवलं होतं, शर्ट ठीक करायला लावला होता.

"ऊठ," तो म्हणाला.

नागसेन उठला. पंढरीनाथ बसला. क्लच दाबला, गाडी डोंगरापासून सोडवली, दुसऱ्या गिअरमध्ये घातली. हातापायांना सगळं आठवत होतं. उजव्या वळणावर त्यानं गाडी अशी घेतली की नागसेन नकळत "वा बाबा" म्हणाला. इंजिन घुमत होतं, उतार पायाखाली येत होता, आणि क्षणभर पंढरीनाथला खरंच बरं वाटलं. हे शेवटचं आहे हे त्याला या खेपेला माहीत होतं.

पुढचं वळण डावीकडचं होतं. गाडी सरळ कठड्यावर गेली.

त्यानं मागे घेतली, पुन्हा काढली. पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी कठडा फुटला आणि ट्रक दरीत गेला.

"बाबा, एवढा पट्ट्यापट्ट्यांचा कठडा आहे डावीकडे," नागसेन चेष्टेच्या सुरात म्हणाला. त्याला वाटलं, बाप रागानं मुद्दाम आपटतोय. "दिसला नाही का?"

"न्हाय."

नागसेन हसणार होता. त्यानं बापाच्या डाव्या बाजूला हात नेला, बोटं हलवली. पंढरीनाथ समोर बघत राहिला. नागसेननं हात आणखी पुढे आणला, थेट गालाजवळ. तेव्हा कुठं बापाची पापणी हलली.

"बाबा, कधीपासून?"

"तू व्हिडिओ काढलास ना, त्या दुपारी डॉक्टरबाईनं सांगितलं. महादू व्हता संगती. तुला सांगायलाच आलो व्हतो घरी."

"मग बोलला का नाहीत?" नागसेनचा आवाज फुटला. "मी लगेच आणला असता, बाबा. त्याच दिवशी आणला असता."

"ठावं व्हतं मला," पंढरीनाथ म्हणाला. "म्हणून तर न्हाय बोललो. तू म्हणालास थांबायचं, मी थांबलो."